ओळखीच्यांना प्रवेश नाही

धाड, जिल्हा बुलडाणा
(हरभऱ्याला घाटे धरलेत, थंडी बरी आहे)

चि. प्राची हीस,

मोतीराममामाचे आशीर्वाद. तू डॉक्टर झाल्यापासून तुला आशीर्वाद द्यावा की नमस्कार घालावा, याचा उलगडा मला अजून झालेला नाही, म्हणून दोन्ही पाठवतो. लागू पडेल तो ठेवून घे, उरलेला तुझ्या आईला दे. तुझी तब्येत बरी असेल, पुण्याचं पाणी मानवलं असेल. तिथं कुणी तुझं 'मले-तुले' ऐकून हसत असेल तर त्याला एकदा बाजाराच्या दिवशी इकडं पाठव. मेथीची जुडी घेताना त्याचं शुद्ध मराठी त्याला किती महाग पडतं ते पाहू. इकडं सर्व क्षेम आहे, म्हणजे म्हैस, तुझी मामी आणि दुकान ही तिन्ही आपापल्या जागी आहेत. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोललो तर घरभर ऐकू जातं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर पुष्पावहिनी माझ्याआधी वाचतात. एवढ्या मोठ्या मोबाइलच्या काळात गुपित ठेवायला पोस्टाच्या पाकिटाइतकी सुरक्षित जागा उरलेली नाही, कारण ते आता कुणी उघडतच नाही.

आता दुःखाची गोष्ट. गेला दीड महिना मला माझ्या स्वतःच्या घरात शिंकता आलेलं नाही. हसू नकोस. त्रेपन्न वर्षांचा माणूस, धाडमध्ये बी-बियाणं-औषधांचं स्वतःचं दुकान, ग्रामपंचायतीत एकदा पडलेला (म्हणजे उभा राहून पडलेला), आणि नाकात सुरसुर झाली की त्याला धोतर सावरत गोठ्याकडं पळावं लागतं. (मी धोतर नेसत नाही, पण पळतो त्याच चालीनं.) म्हशीच्या पलीकडं जाऊन, भिंतीकडं तोंड करून शिंकायचं, हात धुवायचे, आणि पाच मिनिटं बाहेर उभं राहून मग आत यायचं, असा तुझ्या मोठ्या मामींचा, म्हणजे पुष्पावहिनींचा, नियम आहे. पूर्वी आपल्याकडं कुणी कामाला निघताना शिंकलं तर अपशकुन म्हणून तो पाणी पिऊन पुन्हा निघायचा. म्हणजे शिंकणाऱ्यावर निदान दोन शिव्यांपलीकडं काही येत नव्हतं. आता सरळ हद्दपारी. म्हशीनंसुद्धा परवा माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की, हा माणूस एवढा कशासाठी येतो, दूध तर काढत नाही.

या सगळ्याचं मूळ तू आहेस, हे नम्रपणे नमूद करतो. दिवाळीला आली होतीस तेव्हा ओसरीवर बसून तू शेषरावदादाला तुझं काम समजावून सांगितलंस, ते मीही ऐकत होतो. विषाणू हा मुळात दार न वाजवता आत घुसणारा प्राणी. तुम्ही लोक त्याला धरता, त्याच्या पोटातला उपद्व्यापी माल काढून टाकता, आणि नुसती खोळ ठेवता. त्या खोळीत आपल्या कामाची वस्तू भरायची आणि सोडून द्यायचं. आत शिरायची विद्या त्याची, माल आपला. कुणी त्यात चिठ्ठी पाठवतं, की बाबा पेशी, हे हे प्रथिन तू घरीच करत जा. तुमच्या प्रयोगशाळेत मात्र चिठ्ठीऐवजी तयार डबाच पाठवायचा खटाटोप चाललाय, प्रथिन शिजवलेलं, झाकण लावून. आणि डब्यासोबत एखादी अँटिबॉडी, म्हणजे आतला चोर धरायला आतच बसवलेला शिपाई. मला हे फार आवडलं. दादालाही आवडलं, पण त्यानं एवढंच विचारलं, "रक्त थांबवाचा डबा बी जाते का बाई त्याच्यात?" तू म्हणालीस की तुमचा डबा अजून काचेच्या बशीतल्या पेशींपर्यंतच पोचलाय, माणसापर्यंत यायला वेळ आहे, पण चिठ्ठीवाल्यांचं काम पुढं गेलंय, आणि दादासारख्या माणसांसाठी एका ठिकाणी अभ्यास सुरू होतोय, विचारून पाहते.

दादाचं रक्त जन्मापासून थांबत नाही, हे तुला मी काय सांगू? तू पाचवीत असताना त्याच्या सुजलेल्या गुडघ्याकडं पाहत विचारलं होतंस, मामाच्या नळाला तोटी का नाही म्हणून. ती तोटी शोधायला तू पुण्याला गेलीस असं आम्ही सगळे समजतो, तू काही म्हण. पंचावन्न वर्षं त्यानं ठेच न लागता काढायचा प्रयत्न केलाय. डावा गुडघा आतल्या आत रक्त साचून साचून वाकडाच राहिला, पण तक्रार करताना त्याला कुणी ऐकलेलं नाही. एरवी दुपारी दुकानात बसतो, बिलं लिहितो, आणि गिऱ्हाइकाला औषधापेक्षा गोष्ट जास्त देतो. तर तू त्याचं नाव दिलंस, आणि मग तुझा तो फोन आला. रक्त तपासायला जायचं, आणि ज्याच्या अंगाची त्या विषाणूशी आधीच ओळख झालेली असेल त्याला घेत नाहीत, कारण अंगातल्या अँटिबॉडी त्या खोळीला दारातच ओळखतात आणि चिठ्ठीसकट संपवतात. एवढंच घरानं ऐकलं. पुढं तू आणखी काही सांगत होतीस (तो विषाणू कुणाला आजारी पाडत नाही, असं काहीतरी), पण तोवर फोन स्पीकरवर होता आणि पुष्पावहिनी उठल्या होत्या.

त्या दिवसापासून घरात विषाणूबंदी. ताजं पाणी उकळून, भांडी राखेनं, पाहुणे ओसरीपर्यंत. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, माणूस मोठ्या दवाखान्यात जाणार असं कळलं की सगळं गाव भेटायला येतं, नारळ नाहीतर बिस्किटांचा पुडा घेऊन, आणि खाटेवर टेकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारतं, काऊन, कसं वाटून राह्यलं? वहिनींनी दादाला खिडकीच्या आत बसवलं आणि गावाला खिडकीच्या बाहेर. लोक रांगेनं येत, गजातून नारळ देत, हात जोडत आणि पुढं सरकत. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं गजाला हळद लावली. दादा आतून म्हणाला, "मोत्या, आता नवसाचं बी चालू होईन. कोंबडं घेऊ नोको फक्त, मले पाहवत नाई."

माझी चूक इथून सुरू होते. मी दुकानात व्याख्यान दिलं. विषाणू या विषयातला तालुक्यातला जाणकार मीच, असं मला वाटत आलंय, कारण हरभऱ्यावरच्या घाटेअळीला मारायला जो विषाणू बाटलीत मिळतो तो मी दहा वर्षं विकतोय. संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारायचा, अळी तो खाते, चार-पाच दिवसांत उलटी लटकते आणि फुटते. दादाचा प्रकार समजावून सांगायला मी हेच उदाहरण घेतलं. दुसऱ्या दिवशी गावात बातमी होती की पुण्याचे डॉक्टर शेषरावभाऊच्या अंगावर घाटेअळीचं औषध फवारणार आहेत, तेही संध्याकाळी. रामराव (आपल्या शेजारचा, तो सल्ला द्यायला पहाटे उठतो) घरी येऊन सांगून गेला, "पंपाचा नोझल बारीक ठेवा म्हना, भाऊची कातडी नाजूक हाये."

हे वहिनींच्या कानावर गेलं, आणि त्यांना आठवलं की दुकानात फ्रिज नसल्यामुळं मी त्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवतो. दही आणि कोथिंबीर यांच्या मधोमध. दहा वर्षं. खटला ओसरीवर चालला. मी म्हटलं, वहिनी, हा विषाणू फक्त त्या अळीचा, माणसाला काही करत नाही. त्या म्हणाल्या, "अळीले फुटेस्तोवर मारते, अन् मानसाले राम राम करते का भाऊजी?" याला उत्तर असेल तर तुमच्या विद्यापीठात असेल. बाटल्या सांडशीत धरून बाहेर गेल्या. त्या रात्री मी जेवताना दही मागितलं नाही.

मग जायचा दिवस. दीपकची जीप अख्खी सांगितली होती. वहिनींची अट एकच, आत आपण तिघं आणि दीपक, पाचवा जीव नको. दीपक हो म्हणाला, पण तो धाडचा जीपवाला आहे. रिकाम्या सिटा घेऊन जाणं हे त्याच्या हाडात नाही. पहिल्या फाट्यावर त्यानं नुसता वेग कमी केला, दुसऱ्यावर थांबला, आणि आम्ही काही बोलायच्या आत तानुबाई टोपल्यासकट आत होती. म्हातारीला हीऽऽ सर्दी. बसल्या बसल्या तीनदा शिंकली, मग दादाला ओळखलं, गहिवरली, त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर काडकाड बोटं मोडली आणि म्हणाली, "माह्या लेकराची इडापिडा टळो." महिनाभराचा बंदोबस्त दोन मिनिटांत मायेनं पार पडला. वहिनींनी तोंडाला पदर लावला तो शहर येईपर्यंत काढला नाही. दीपक आरशात पाहून म्हणाला, "वहिनी, काय करू, रिकामी सीट पाहिली का माह्या पायाले ब्रेक सापडते." दादा मात्र तानुबाईशी पार उतरेपर्यंत बोलत होता. महिनाभरानं त्याला गजाच्या अलीकडं कुणीतरी भेटलं होतं.

दवाखान्यात मी माझं कर्तृत्व दाखवलं. खिडकीवरच्या पोराच्या बोलण्यावरून ताडलं की हा आपल्याकडचा. निघाला जानेफळचा, सागर नावाचा, माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा जावई. त्रेचाळिसावा नंबर होता तो सहावा झाला. मी छाती काढून आत गेलो. रक्त घ्यायला धम्मशीला नावाच्या सिस्टर होत्या, शांत बाई. दादा त्यांना म्हणाला, "बाई, सुई काढल्यावर दाबून धरा, हा नळ लवकर बंद होत नाई." त्यांनी पंधरा मिनिटं घड्याळ न पाहता दाबून धरलं. तेवढ्यात मी माझ्या ओळखीची हकीकत ऐकवली, तर त्या हसून म्हणाल्या, "काका, बाहेर ओळखीनं आत सोडतात. या तपासणीत ओळख निघाली की बाहेरच ठेवतात." प्राची, मी आयुष्यभर ओळखी गोळा केल्या. तलाठी, डेपो मॅनेजर, बँकेचा शिपाई. कुठं ना कुठं कामी येतील म्हणून. आणि दादाच्या कामात नेमकी ओळख नसणं कामी येणार होतं.

आता जे लिहितो ते हळू वाच. नऊ दिवसांपूर्वी धम्मशीला सिस्टरांचा फोन मला आला. मी माझा नंबर देऊन ठेवला होता. दादाच्या रक्तात त्या अँटिबॉडी निघाल्या, भरपूर. या अभ्यासात त्याला घेता येणार नाही. मी विचारलं, परवाची सर्दी असेल का, एक म्हातारी होती गाडीत. त्या म्हणाल्या, नाही काका, त्या आजीला बोल लावू नका, आणि बाटलीचाही काही संबंध नाही (हेही मी विचारलं), ही ओळख बहुतेकांची लहानपणीच होते, कधी झाली ते त्यांनाही कळत नाही.

मी ते कुणाला सांगितलेलं नाही. दादा रोज सकाळी स्वच्छ दाढी करून बसतो, कारण बोलावणं कधी येईल सांगता येत नाही. वहिनी पाणी उकळतात. मी गोठ्यात शिंकतो. एक वाक्य बोललो तर म्हैस आणि मी दोघंही सुटू, पण त्या वाक्याच्या पलीकडं दादा बसलाय. म्हणून तू फोन कर. तू डॉक्टर आहेस, तुला शब्द शिकवले असतील. आम्हाला बियाण्याच्या पिशवीवरचेच वाचता येतात.

तुझ्या आईला नमस्कार. थंडीचं डोक्याला बांधत जा.

तुझा,
मोतीराममामा

ता. क. एक गोष्ट विचारायची राहिली. खरं तर तीच विचारायला कागद घेतला होता. तुला लोणारचं सरोवर लहानपणी शेषरावमामानं सांगितलं, आठवतं? काठावरून खाली उतरणारी वाट, पाण्याचा तो कुबट वास, ओठाला लावलं तर खारट, झाडीत मोर. तो तिथं कधी गेलेला नाही. तो सातवीत असताना शाळेची सहल होती. आदल्या दिवशी गुडघा फुगला. आमच्या बापाला जागा वाया जाऊ द्यायची नव्हती. मी पाचवीत. दादाचा निळा स्वेटर घालून मला गाडीपाशी उभं केलं. मास्तर नवे होते. पंधरावं नाव पुकारलं, 'शेषराव', आणि मी 'हजर' म्हणालो. तुमच्या भाषेत खोळ त्याची, माल मी. मास्तरांची ओळख नव्हती, म्हणून आत सोडलं. परत आलो तो सर्दी-ताप घेऊन. आम्ही दोघं एकाच गोधडीत झोपायचो. आठ दिवस मी त्याच्या अंगावर शिंकत होतो. तर मला एवढंच सांग, ती ओळख मीच तर करून दिली नाही ना? नसेल तर नाही म्हण. असेल तर थोडं लांबवून सांग.

ता. क. दुसरी. वरचं लिहून कागद घरात बिलांच्या वहीवर ठेवला आणि शिंक आली म्हणून गोठ्यात गेलो. नियम पाळून, पाच मिनिटं उभा राहून परत येईपर्यंत दादानं सगळं वाचलं होतं. मी दारात उभा. तो चष्मा पुसत म्हणाला, "काऊन बे मोत्या, रक्त माह्यं, अन् ते बाई तुले आंधी सांगन का?" सिस्टरांनी त्याला माझ्या एक तास आधीच फोन केला होता. म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "तू एवढा तालुक्याचा जानकार होऊन फिरून राह्यला होता. तुह्या तोंडाकडं पाहून माह्या तोंडातून निघे ना." मग दाढी कशाला करत होतास? "तुले शक येऊ नये म्हनून." म्हणजे नऊ दिवस तो मला सांभाळत होता आणि मी त्याला, आणि पाणी वहिनी उकळत होत्या. मग सर्दीचं त्यानंच काढलं. कागदाची घडी करत म्हणाला, "आनली असन तुनं. पन त्या आठ रातीत तू शिंकत शिंकत सारं लोनार सांगितलं मले. येकटी सर्दी नोती आली." एवढं बोलून तो बिलं लिहायला बसला. तू या प्रश्नाचं उत्तर आता नाही पाठवलंस तरी चालेल.

तुमच्या डब्याचं तेवढं कळवत जा. ज्या खोळीशी आमच्या घराण्याची ओळख नाही अशी एखादी सापडली तर पहिली चिठ्ठी इकडं टाक. घाई नाही. दादा म्हणतो, बशीतल्या पेशींचं आधी होऊ दे, त्यांचा नंबर पहिला.

ता. क. तिसरी. वहिनींना दादा येत्या सोमवारी सांगणार आहे, तोवर गोठा चालू. काल त्यालाही शिंक आली, तर तोही काठी टेकत म्हशीच्या पलीकडं येऊन उभा राहिला. दोघांनी मिळून भिंतीकडं पाहिलं. सोमवारी अशासाठी, की आधी लोणार, मग रडारड, असं दादाचं म्हणणं; रविवारी वहिनींच्या नकळत दीपकची जीप सांगितली आहे, लोणारला. गुडघ्याला पट्टा, पायाखाली उशी, आणि खाली उतरायचं नाही, काठावर बसूनच पाहायचं, असं ठरलंय. सिटा वाटेल तेवढ्या भर म्हटलंय, तानुबाईलाही निरोप दिलाय. पुढची खिडकीची जागा दादाची. दीपकला सांगून ठेवलंय, गाडी सुटायच्या आधी सगळ्यांची नावं पुकारायची. शेषराव म्हटलं की मी गप्प बसणार आहे.